आडोशाची गाय

पहाटे चार वाजता चौतीस अंश.
शेरदिल गाडी चालू ठेवून डुलकी काढतो,
मी उतरतो.
रात्री शमाल वाहिला असेल तर वाळू
पाटीसारखी पुसलेली असते,
आणि वर उमटलेलं सगळं आजचं.

लिवाच्या दक्षिणेला, खजुरीच्या शेवटच्या रांगेपलीकडे
अकरा किलोमीटर कुंपण.
आत रीम, वाळूच्याच रंगाची हरणं :
हलली की दिसतात, थांबली की नाहीत.
मुसब्बहसाहेबांना ऑक्टोबरच्या आत यादी हवी.
नर किती, शिंगं केवढी,
कुठल्या गाफखाली दुपार काढतात,
पाण्यावर आधी कोण येतं.
पाहुणे नोव्हेंबरात येणार,
तंबूंचे खांब आत्ताच रंगवून झालेत.

मी पाच कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलतो,
काचेवरची धूळ बनियनने पुसतो.
कार्डात दोन हजार फोटो.
निम्म्यांत नुसता वारा,
एकात कोल्हा, मागे वळून बघणारा,
आणि बऱ्याचशांत माझेच गुडघे.

माग मला कॅमेऱ्याशिवाय कळतो.
हे साहेबांना सांगितलेलं नाही.
खुराची टोकं फाकली, म्हणजे पळालंय.
कडा ढासळली, म्हणजे उन्हं वर आल्यानंतरचं.
पाऊल जड आणि आखूड, म्हणजे पोटुशी.
बापाने शिकवलं, कारंज्याच्या माळावर.
मी सात वर्षांचा, नाक गळत होतं.
तो म्हणाला, आधी नाक पूस,
वारा कसा कळेल तुला?

बापाकडे फासे होते, तातीचे, हाताने वळलेले.
आणि एक गाय होती, तांबडी, एका शिंगाची, गोदी.
काळविटांचा कळप दिसला की
बाप तिच्या पोटाआड वाकून चालायचा.
ती चरत जायची,
दोन घास इकडे, दोन घास तिकडे.
काळविटं मान वर करायची,
गाय बघायची,
मान खाली घालायची.
उन्हाळाभर तो तिला नुसतीच हिंडवून आणायचा,
फासे घरी, आढ्याला.
आज का नाही? मी विचारायचो.
"हिवाळ्यात फक्त हात हलतो रे.
शिकार तर आत्ता चाललीय."

पुढे फॉरेस्टवाल्यांनी फासे जाळले
आणि दोन वर्षांनी त्यालाच बोलावलं मोजणीला,
साठ रुपये रोजाने.
त्याचा आकडा कधी चुकला नाही.

साडेबारा ते तीन काम बंद, सरकारी नियम.
शेरदिल फोनवर पंजगूरच्या आईशी भांडतो.
मी टॅबलेटवर शिंगांची लांबी भरतो.

पाचला चारा.
गाडीच्या मागून लसूणघासाच्या पेंढ्या सोडत जायचं,
सावकाश, पहिल्या गिअरमध्ये.
मे महिन्यात ती चारशे पावलांवर उभी राहायची.
जूनमध्ये दोनशे.
काल एका मादीने बंपरला नाक लावलं,
गरम लागलं असेल, फुरफुरली,
पण गेली नाही.

साहेबांनी आज येऊन पाहिलं.
शाबास हिम्मत, म्हणाले.
आता हॉर्न वाजवायचा नाही.
गाडी धुवायची नाही.
डाव्या दाराचा पोचाही तसाच राहू दे.
पाहुणे ह्याच गाडीतून येतील.

हाताला लसूणघासाचा वास,
दोनदा साबण लावूनही.
गोदीला कळायचं का,
हे बापाला विचारायचं राहून गेलं.
एवढं आठवतं की फासा पडला, धडपड झाली,
तरी ती दचकायची नाही, चरत राहायची.
आणि त्या रात्री आमच्या आधी
बाप तिला भाकरी द्यायचा,
गूळ लावून.

साहेब जाताना खजुरांची पेटी देऊन गेले,
नव्या हंगामाची. वर नाव : खलास.
इथे ती एक जात आहे, उत्तमातली.
मला ते मराठीत ऐकू आलं.
शेरदिलने झाकण उघडून पेटी माझ्याकडे सरकवली.
मी एक खाल्ली.
गोड होती.